छप्पर गळते आहे, कंत्राट कधी? आयर्लंडमधल्या सरकारी इमारतींच्या दुरुस्ती-करारांचा आढावा

16 ऑक्टोबर 2017 रोजी ओफेलिया वादळ आयर्लंडवर धडकले आणि कॉर्कमधल्या डग्लस कम्युनिटी स्कूलच्या क्रीडागृहाचे छप्पर वाऱ्याने उचकटले. देशभरातल्या शाळा दोन दिवस बंद राहिल्या. अशा वेळी काम कोणाला द्यायचे याचे उत्तर त्यामानाने सोपे असते. युरोपीय खरेदी कायदा खऱ्याखुऱ्या आणीबाणीत जाहिरातीविना कंत्राट द्यायची मुभा देतो आणि शिक्षण खात्याची तातडीच्या कामांची योजना पैशाची सोय करते. अवघड असतात ते वादळ नसलेले दिवस. बॉयलर थकतो, खिडकीची चौकट कुजते, पन्हळीतून पाणी भिंतीत मुरते. यातले एकेक काम इतके लहान असते की त्यासाठी महिनोन्‌महिने चालणारी निविदा परवडत नाही. पण अशी कामे इतकी असतात की ती ओळखीच्या कंत्राटदाराला वाटत गेले, तर वर्षाअखेरीस जनतेच्या पैशाला मोठी गळती लागलेली दिसते.

या दोन टोकांच्या मधली वाट काढण्यासाठी आयर्लंडने गेल्या दोन दशकांत बरेच प्रयोग केले. काही नीट जमले, काही जाहीरपणे फसले. ते एकत्र पाहिले की एक गोष्ट स्पष्ट होते. झटपट कंत्राट देण्यात धोका नाही. कामाची मोजणी करणारा माणूस कमी करून वेग मिळवला, की तो वेग महागात पडतो.

पसारा आणि त्याचा कारभारी

आयर्लंडमधल्या केंद्रीय सरकारी मालमत्तांची देखभाल ‘ऑफिस ऑफ पब्लिक वर्क्स’ ही संस्था करते. तिची स्थापना 1831 ची, म्हणजे स्वतंत्र आयर्लंडपेक्षा जवळपास शतकभर जुनी. आज तिच्याकडे सुमारे 2500 मालमत्ता आहेत. त्यांत गार्डा म्हणजे पोलिसांची ठाणी आहेत, सरकारी कचेऱ्या आहेत, संसद जिथे भरते ते लेन्स्टर हाउस आहे. न्यूग्रेंजसारखी पाच हजार वर्षांपूर्वीची स्मारकेही तिच्याच देखरेखीखाली येतात. स्मारकांसाठी संस्थेने स्वतःचे कारागीर ठेवले आहेत. ट्रिम, मॅलो, अथेनराय, किलार्नी, किल्केनी आणि ड्रोमाहेअर या ठिकाणच्या डेपोंमधून तिचे गवंडी आणि सुतार काम करतात. चुन्याचा दर्जा हाताने तपासावा लागतो आणि दगड कसा बसला हे वर्षानुवर्षे पाहावे लागते. अशा कामाला पगारी माणूसच बरा, हे तिथे मान्य झालेले आहे.

मोजणी आणि मजुरी यांचे नाते या संस्थेने फार कठोर काळात अनुभवले आहे. 1846-47 च्या दुष्काळात सरकारने तिच्यामार्फत रस्ते आणि बांध यांची कामे काढली. मार्च 1847 मध्ये त्या कामांवर सात लाखांहून अधिक माणसे होती. मजुरी केलेल्या कामाच्या मोजमापावर द्यायची असे ठरले होते. पण मोजणारे आणि पैसे वाटणारे कमी पडले, मजुरी रखडली आणि भुकेल्या माणसांचे हाल झाले. नियम कागदावर होता, तो राबवायला माणसे नव्हती. पावणेदोनशे वर्षांनंतरही देखभालीच्या प्रत्येक करारात हाच प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो.

मोठ्या कामाची चौकट, छोट्या कामाची कुचंबणा

सरकारी बांधकामाची आजची आयरिश पद्धत 2007 पासूनची. त्या वर्षी सरकारने सार्वजनिक कामांच्या करारांचे ठरावीक नमुने आणले. कामाचे संकल्पचित्र आधी पूर्ण करायचे, एकरकमी किंमत मागवायची आणि जोखीम शक्यतो कंत्राटदाराकडे ठेवायची, हे त्यामागचे सूत्र होते. नव्या रुग्णालयाला किंवा पुलाला ते लागू पडते. गळक्या छताला पडत नाही, कारण कौले उचलल्याशिवाय खालचा वासा किती कुजलाय हे कोणालाच सांगता येत नाही. एकरकमी भाव मागितला तर जाणता कंत्राटदार न दिसणाऱ्या जोखमीचे पैसे आधीच त्यात धरतो. भोळा कंत्राटदार कमी भाव देतो आणि मग अर्ध्यावर भांडत बसतो. म्हणून पुढे लहान कामांसाठी आखूड नमुने निघाले आणि मुदतीच्या देखभालीसाठी व नूतनीकरणासाठी ‘पीडब्ल्यू-सीएफ 11’ हा वेगळा नमुना तयार झाला.

जाहिरातीच्या मर्यादाही सैल झाल्या. पूर्वी 50,000 युरोंच्या वरचे प्रत्येक बांधकाम ‘ईटेंडर्स’ या राष्ट्रीय संकेतस्थळावर टाकावे लागे. 2023 च्या परिपत्रकात ही मर्यादा 2 लाख युरो आहे. त्याखाली लेखी दरपत्रके मागवून काम देता येते. संपूर्ण युरोपभर जाहिरात देण्याची सक्ती साधारण 55 लाख युरोंच्या आसपास सुरू होते आणि तो आकडा दर दोन वर्षांनी बदलतो. म्हणजे दुरुस्तीची बहुतेक कामे देशांतर्गत नियमांतच बसतात.

तरीही लहान कामाचा कागद लहान होत नाही. 2013 च्या बांधकाम सुरक्षा नियमांनुसार बहुतेक कामांना संकल्पनेच्या आणि प्रत्यक्ष बांधकामाच्या टप्प्यासाठी सुरक्षा-पर्यवेक्षक नेमावे लागतात. इमारत 2000 च्या आधीची असेल तर ॲस्बेस्टॉस आहे का, हे छताला हात लावण्याआधी तपासावे लागते. कंत्राटदाराचे करदाखले पाहावे लागतात. शिवाय जुलै 2016 पासून लागू झालेल्या बांधकाम करार कायद्याने 10,000 युरोंपेक्षा मोठ्या कामात उपकंत्राटदाराला वेळेवर पैसे मागण्याचा आणि तंटा झटपट निवाड्याला नेण्याचा हक्क दिला. ही सगळी बंधने गरजेची आहेत. पण प्रत्येक पन्हळीसाठी ती नव्याने उभी करायची म्हटले, तर कागदाचा खर्च पन्हळीच्या वर जातो. ती एकदाच उभी करून अनेक कामांना वापरता यावीत, यासाठीच सुटसुटीत पद्धती आल्या.

दर आधी, काम नंतर

यातली सर्वात महत्त्वाची पद्धत म्हणजे मोजमापावर चालणारा मुदत-करार. कोणते काम किती निघेल हे माहीत नसते, पण कोणत्या प्रकारचे निघेल हे माहीत असते. म्हणून शेकडो बाबींची दरसूची छापतात. स्लेटची फरशी बदलणे प्रति चौरस मीटर इतके, पन्हळ बसवणे प्रति मीटर इतके, परांची बांधणे इतके. कंत्राटदार त्या सूचीवर किती टक्के वर किंवा खाली काम करील ते सांगतो आणि स्पर्धा त्या टक्क्यावर होते. करार काही वर्षांचा असतो. मग त्या मुदतीत निघणाऱ्या प्रत्येक कामाला फक्त कार्यादेश काढायचा.

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक बांधकाम विभागात काम केलेल्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल. आपला बी-1 नमुना याच जातीचा आहे. अंदाजपत्रक दरसूचीवर बनते आणि ठेकेदार ‘इतके टक्के बिलो’ किंवा ‘अबाव्ह’ भरतो. फरक एवढाच की बी-1 मध्ये काम ठरलेले असते, मुदत-करारात काम अजून निघायचे असते. अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममधल्या नाटोच्या लष्करी मुख्यालयात अशीच पद्धत वापरली. पुढे अमेरिकेत विद्यापीठे आणि नगरपालिका यांनी ती उचलली.

एखाद्या गार्डा ठाण्याच्या छताचे काम या पद्धतीत कसे होते ते पाहू. ठाण्यातून गळतीची तक्रार येते. मालमत्तेची देखरेख करणारा अधिकारी पाहणी करतो आणि काम तातडीचे, लवकरचे की नेहमीचे ते ठरवतो. कंत्राटदार येऊन दरसूचीतल्या बाबी आणि अंदाजे मापे लिहून देतो. अधिकारी ती तपासून कार्यादेश देतो. कौले उचलल्यावर वासे कुजलेले निघतात. एकरकमी करारात इथे वाद सुरू झाला असता. इथे सूचीतल्या वाशाच्या बाबीची मापे वाढतात आणि काम चालू राहते. शेवटी दोघे मिळून मोजणी करतात आणि तिच्यावर बिल निघते. या सगळ्या साखळीत एकच कडी अशी आहे जिच्यावाचून बाकीच्यांना काही अर्थ उरत नाही. मापे स्वतः घेणारा सरकारी बाजूचा माणूस ती कडी धरून असतो. आपल्याकडचे मोजमाप पुस्तक त्याचेच हत्यार.

दरसूचीला दोन दुखणी असतात. पहिले, सूचीत नसलेले काम. त्याचा भाव दरविश्लेषण करून ठरवावा लागतो आणि तिथे स्पर्धा नसते. ‘एक्स्ट्रा आयटम’ फुगू लागले की मूळ टक्क्याची स्पर्धा निरर्थक ठरते. दुसरे, मुदतीत वाढणारी महागाई. युक्रेन युद्धानंतर पोलाद आणि लाकडाचे भाव इतके चढले की 2022 मध्ये आयरिश सरकारला चालू करारांमधली भाववाढ वाटून घेण्याची वेगळी व्यवस्था करावी लागली. मुदत-करारात भाव निर्देशांकाला जोडलेले नसतील, तर तिसऱ्या वर्षी कंत्राटदार कामे टाळू लागतो.

याद्या आणि चौकट करार

दुसरी पद्धत चौकट कराराची. यात एका कंत्राटदाराऐवजी तपासून निवडलेल्या अनेकांची यादी असते. काम निघाले की त्यांच्यात छोटी स्पर्धा लावायची. युरोपीय नियमानुसार अशी चौकट साधारण चार वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. तिचाच लवचिक प्रकार म्हणजे ‘डायनॅमिक पर्चेसिंग सिस्टीम’. तिच्यात नवा कंत्राटदार मधेच अर्ज करून यादीत येऊ शकतो. छोट्या गावातल्या तरुण सुताराला चार वर्षे दार बंद राहत नाही.

या बाबतीत केरी काउंटी कौन्सिलने उचललेले पाऊल उल्लेखनीय आहे. तिने ‘एलएक्वोट्स’ ही ऑनलाइन दरपत्रक-यंत्रणा तयार केली आणि तीच पुढे ‘सप्लायगव्ह’ या नावाने देशातल्या 31 स्थानिक संस्थांसाठी खुली झाली. यंत्रसामग्रीची भाडी, किरकोळ बांधकामे, रस्तादुरुस्तीचे साहित्य अशा गटांत कंत्राटदार एकदा कागद तपासून घेतो. नंतर क्लेअरचा अभियंता असो की डोनेगलचा, त्या यादीतून दर मागवतो. विमा आणि करदाखले तेच ते पुन्हा तपासावे लागत नाहीत. लहान काउंट्यांना एकट्याने जे परवडले नसते, ते सगळ्यांना मिळून परवडले.

नगरपालिकांच्या भाड्याच्या घरांचा अनुभव मात्र इतका चांगला नाही. एक कुटुंब घर सोडते, घराची डागडुजी होते आणि मगच ते दुसऱ्याला देता येते. ‘राष्ट्रीय देखरेख व लेखापरीक्षण आयोग’ दरवर्षी प्रत्येक कौन्सिलला यासाठी किती आठवडे आणि किती पैसे लागतात ते प्रसिद्ध करतो. अलीकडच्या वर्षांत देशाची सरासरी 30 आठवड्यांच्या वर राहिली आहे. घरांची टंचाई असलेल्या देशात हा आकडा जिव्हारी लागणारा आहे. चौकट करार हाताशी असूनही वेळ जातो, कारण निधीची मंजुरी, पाहणी आणि कामांची रांग यांत अडथळे असतात. म्हणजे कंत्राटाचा कागद सुटसुटीत केल्याने सगळी साखळी सुटसुटीत होत नाही. तरीही आकडे दरवर्षी जाहीर होतात, ही मोठी जमेची बाजू. नागरिकाला आपल्या कौन्सिलची शेजारच्या कौन्सिलशी तुलना करता येते.

शाळेच्या हाती पैसा

तिसरी वाट विकेंद्रीकरणाची. आयर्लंडमध्ये तीन हजारांहून अधिक प्राथमिक शाळा आहेत आणि त्यांतल्या बहुतेक चर्चच्या आश्रयाखाली आहेत. कारभार स्वयंसेवी व्यवस्थापन मंडळ पाहते. शिक्षण खाते अशा शाळांना किरकोळ कामांसाठी 5500 युरो आणि सर्वसाधारण वर्गातल्या दर विद्यार्थ्यामागे 18.50 युरो असे अनुदान देते. शंभर मुलांच्या शाळेला त्यातून 7350 युरो मिळतात. त्या पैशातून नळ, रंग, कुंपण अशी कामे मुख्याध्यापक स्वतः करवून घेतात. आपल्याकडच्या समग्र शिक्षेतले संयुक्त शाळा अनुदान याच्याच जवळचे.

मोठ्या दुरुस्तीसाठी 2004 पासून ‘समर वर्क्स स्कीम’ आहे. छत, विजेची वायरिंग, हीटिंगची यंत्रणा, स्वच्छतागृहे अशा कामांसाठी शाळा वास्तुविशारदाच्या किंवा अभियंत्याच्या अहवालासह अर्ज करते. जीविताला धोका असलेल्या कामांना प्राधान्य मिळते. मंजुरी आली की शाळाच निविदा काढते आणि जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत काम उरकते. मुले नसताना छत उघडायचे, हे शहाणपणाचेच आहे. अडचण दोन ठिकाणी येते. देशभरातल्या शाळांना एकाच दोन महिन्यांत तेच सुतार आणि तेच वायरमन हवे असतात, त्यामुळे भाव चढतात. शिवाय अर्ज दरवर्षी मागवले जातातच असे नाही, म्हणून शाळेला पुढच्या पाच वर्षांचे नियोजन जमत नाही. वेतन न घेता वेळ देणाऱ्या मंडळींवर सुरक्षा कायद्याची आणि हिशेबाची सगळी जबाबदारी येते. त्यांच्या पाठीशी एखादा जिल्हा-अभियंता उभा राहिला तर याच योजनेचे फळ दुप्पट मिळेल.

मोठे गठ्ठे आणि त्यांचे कोसळणे

काही काळ उलटी दिशाही आजमावली गेली. बांधकाम आणि 25 वर्षांची देखभाल एकाच खासगी भागीदाराकडे सोपवायची. या शतकाच्या सुरुवातीला टबरकरी, बॅलिनकॉलिग, क्लोन्स, डनमॅनवे आणि शॅनन या पाच ठिकाणच्या शाळांपासून हा प्रयोग सुरू झाला. शाळेला छपराची चिंता उरत नाही, हा फायदा खरा होता. पण जानेवारी 2018 मध्ये ब्रिटनमधली ‘कॅरिलियन’ कंपनी बुडाली आणि तिचा सहभाग असलेल्या गठ्ठ्यातल्या ब्रे, वेक्सफर्ड, कार्लो आणि केल्स इथल्या शाळांची कामे अडली. स्थानिक उपकंत्राटदारांचे पैसे बुडाले. गठ्ठा जितका मोठा, तितके एकाच्या पडण्याने पडणारे अधिक.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आणखी एक इशारा मिळाला. ‘रॅपिड बिल्ड’ म्हणजे झटपट बांधणीच्या कार्यक्रमातून उभ्या राहिलेल्या शाळांमध्ये रचनेचे दोष आढळले. बालब्रिगनच्या आर्डगिलन कम्युनिटी कॉलेजपासून सुरुवात झाली आणि 42 शाळांची तपासणी करावी लागली. काही वर्ग बंद ठेवावे लागले, काही भिंतींना बाहेरून आधार द्यावा लागला. बांधकाम चालू असताना जागेवर स्वतंत्र तपासणी किती आणि कोणाकडून होते, हा प्रश्न तेव्हा देशभर विचारला गेला. तो योग्यच होता. झटपट बांधणीत वाचवलेला वेळ नंतरच्या दुरुस्तीत कितीतरी पटींनी गेला.

सायकलींचा निवारा

पण या विषयाला घराघरात नेले ते सप्टेंबर 2024 च्या एका बातमीने. लेन्स्टर हाउसच्या आवारात सायकली ठेवण्यासाठी उभारलेल्या निवाऱ्याचा खर्च सुमारे 3 लाख 36 हजार युरो झाल्याचे उघड झाले. त्यांतले 3,22,282 युरो बांधकामाचे, 10,816 युरो मोजणी-तज्ज्ञाचे आणि 2952 युरो पुरातत्त्व सेवेचे होते. काच आणि पोलादाच्या त्या छताखाली स्टँड होते 18. डब्लिनमध्ये घरासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हा आकडा ऐकून काय वाटले असेल, ते वेगळे सांगायला नको. पाठोपाठ डब्लिनमधल्याच आणखी एका सरकारी कचेरीच्या सुमारे 70 मीटर लांबीच्या भिंतीवर 4 लाख 90 हजार युरो खर्च झाल्याचे कळले.

कंत्राटाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की सायकल-निवाऱ्यासाठी स्वतंत्र जाहीर निविदा निघाली नव्हती. आधीच नेमलेल्या कंत्राटदाराच्या मुदतीच्या देखभाल करारातून तो बांधला गेला. पद्धत बेकायदा नव्हती. पण देखभालीची दरसूची कौले, पन्हळी आणि रंगकामासाठी बनलेली असते. संरक्षित वास्तूच्या आवारातल्या एका खास नव्या रचनेला तिच्यात तयार भाव असण्याचे कारण नाही. असे काम त्या वाटेने गेले की स्पर्धा नावापुरती उरते. ती स्पर्धा पूर्वी कधीतरी वेगळ्याच कामांच्या भावांवर झालेली असते. आणि करार तयारच असल्यामुळे ‘याची गरज आहे का, आणि एवढ्या पैशांत आहे का’ हे विचारणारा टप्पाच वगळला जातो. पैशाचा योग्य मोबदला मिळाला नाही हे संस्थेने पुढे मान्य केले, मंत्र्यांनी चौकशी लावली आणि संसदेच्या लोकलेखा समितीने जाब विचारला.

या प्रकरणातून मुदत-करारच रद्द करावेत असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. तसे केले तर शिक्षा पोलीस ठाण्यातल्या गळक्या छताला होईल. निष्कर्ष एवढाच की देखभालीची वाट देखभालीसाठीच राखायची. नवे बांधकाम, सुशोभन आणि संरक्षित आवारातले विशेष काम तिच्यावरून न्यायचे नाही.

काय घ्यावे

हा सगळा अनुभव महाराष्ट्रासाठी परका नाही. आपल्याकडे लहान कामांचे वाटप सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुले ठेकेदार यांच्यात ठरावीक टक्केवारीने होते. हेतू चांगला आहे. पण ई-निविदेची मर्यादा चुकवण्यासाठी एका कामाचे तुकडे पाडणे हा रोग जिल्ह्याजिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या उलट बाजूला भरमसाट ‘बिलो’ भरलेल्या निविदा आणि त्यातून होणारे निकृष्ट काम आहे. आयर्लंडमधल्या सायकल-निवाऱ्याचे आणि आपल्या तुकड्यांचे मूळ एकच. स्पर्धेतून सुटण्याची एक वाट उघडी असते आणि तिच्या तोंडाशी कोणी उभे नसते.

म्हणून सुटसुटीत कंत्राट हवे असेल, तर चार अटी एकत्र पाळाव्या लागतील. पहिली, एका कार्यादेशाची कमाल रक्कम ठरवायची आणि ती ओलांडली की काम आपोआप स्वतंत्र निविदेत जाईल. दुसरी, दरसूचीबाहेरच्या बाबींचा वाटा एका मर्यादेपलीकडे गेला की कार्यादेश थांबेल. तिसरी, प्रत्येक कार्यादेशाची जागा, बाबी, मापे आणि रक्कम संकेतस्थळावर जाहीर होईल. आयर्लंडमध्ये मोठ्या कंत्राटांचे आणि स्पर्धेविना दिलेल्या खरेदीचे अहवाल द्यावे लागतात. खालच्या पातळीवरचा तपशील मात्र बहुतेक वेळा कोणी माहितीच्या अधिकारात मागितला तरच बाहेर येतो. तो आधीच समोर असता, तर सायकलींच्या निवाऱ्याचा आकडा बांधकाम संपण्यापूर्वीच कोणाच्या तरी नजरेत भरला असता.

चौथी अट सर्वात महाग आहे आणि सर्वात जास्त टाळली जाते. सरकारने आपला स्वतःचा अभियंता, मोजणी-तज्ज्ञ आणि गवंडी नोकरीत ठेवायला हवा. खर्चकपातीच्या काळात पहिली कुऱ्हाड याच पदांवर पडते, कारण त्यांचा पगार दिसतो आणि त्यांनी वाचवलेले पैसे दिसत नाहीत. ट्रिमच्या डेपोतला गवंडी, केरीतला खरेदी-अधिकारी आणि आपल्याकडचा मोजमाप पुस्तकावर सही करणारा शाखा अभियंता ही माणसे जागेवर असतील, तर कार्यादेश दोन दिवसांत निघाला तरी चालेल. ती नसतील, तर दोन वर्षे चाललेली निविदासुद्धा शाळेचे छप्पर वाचवू शकणार नाही. दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात पहिली तरतूद या माणसांच्या पगाराची हवी, कौलांची त्यानंतर.